लोखंड टाकायचं नसतंय

संभा, तुझा फ्लेक्स मी फाडला. वारज्याच्या चौकात, भर सकाळी, शाळेच्या बसची वाट बघणाऱ्या आया-पोरांच्या देखत. शिडी आपल्याच हॉलमधली नेली होती, रिक्षात तिरकी घालून. रिक्षावाल्याने विचारलं, "मॅडम, काय लावायचंय?" म्हटलं, "काढायचंय." चारी कोपऱ्यांना सुतळीच्या गाठी होत्या. त्या सोडत बसायचा पेशन्स माझ्यात कधी होता? नखं खुपसली आणि ओढलं. तुझ्या डाव्या कानापासून टर्रकन फाटत गेलं ते थेट छातीपर्यंत. खाली मोठ्या अक्षरांत छापलं होतं, "शेवटच्या श्वासापर्यंत पकड सोडली नाही." त्याच्याखाली तुझे चुलतभाऊ, गॉगल लावून, हात जोडून. त्या गॉगलांशी मला देणंघेणं नाही. ती ओळ मला सहन झाली नाही. माणूस ज्याच्यापायी मेला तेच कौतुकाने छापायचं, वर बाजूला फुलं काढायची!

तुझे अण्णा धावत आले. पायात चप्पल नव्हती. मी शिडीवरच होते, हातात तुझा अर्धा चेहरा.

"ताई, याड लागलं का तुमाला? उतरा खाली. लोकं बघत्यात."

"बघू देत. ही ओळ कोणी लिहिली?"

"मी लिवली. खोटं हाय का त्यात काय?"

खोटं नव्हतं, त्याचाच तर संताप होता. मी उतरले आणि तो तुकडा त्यांच्या अंगावर फेकला. मला वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसली असती तर मी परतही दिली असती, तुझे थोरले भाऊ असले म्हणून काय झालं. पण अण्णा तिथेच फुटपाथवर बसले. तुकडा मांडीवर घेतला, त्याच्यावरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाले, "फ्लेक्स फाडून काय हुतंय ताई? त्या गाडीवाल्याला फाडायचाय. जामिनावर सुटलाय आन् घराला कुलूप लावून कुटं तरी दडलाय. कर्वेनगरातला हाय. तुमची लोकं तिकडं सोसायटी-सोसायटीत हायेत. निस्ता पत्ता काढून द्या. फुडचं आमी बघतो."

मी म्हटलं, "देते." विचार केला नाही, हो-ना केलं नाही. देते म्हटलं आणि शिडी उचलून घरी आले.

तू तिथे होतासच, पण माझ्या बाजूने ते कसं दिसलं हे तुला माहीत नाही, म्हणून सांगते. सकाळची वारज्यातली बॅच उरकून आपण कर्वेनगरच्या हॉलवर निघालो होतो. तू तुझ्या स्कूटरवर पुढे, मी माझ्या स्कूटरवर मागे. त्या पांढऱ्या गाडीने तुला घासलं आणि तुझा आरसा मोडला. आरसा रे! नवा मिळतो. पण तू स्कूटर स्टँडला लावलीस, सिग्नलला थांबलेल्या त्या गाडीपाशी चालत गेलास, उघड्या खिडकीतून हात घातलास आणि आतल्या माणसाची कॉलर धरलीस. तुझी पाठ बघूनच मला कळलं, की आता हा कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. तू त्याला गदागदा हलवलंस. त्याचं डोकं सीटवर आपटताना मला दिसलं आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. मग सिग्नल सुटला आणि त्याने गाडी दामटली.

तू पळालास. खिडकीत हात घातलेला, तसाच गाडीबरोबर पळालास. मी स्कूटर टाकून मागे धावत होते आणि बोंबलत होते, "संभा, सोड! सोड त्याला!" आधी तुझे बूट धावल्याचा आवाज येत होता, मग बूट घासल्याचा, आणि मग जे घासत होतं ते बूट नव्हते. गाडी उजवीकडे ओढत दुभाजकाला भिडली आणि मधे तू होतास. तुझं डोकं सिमेंटवर आदळलं. जन्मभर लोखंड आपटल्याचे आवाज ऐकत आले, त्यातला एकही तसा नव्हता. तो माणूस थांबला नाही. मी तुझं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ते धरायचं कुठून हेच मला कळेना, आणि भोवती लोक मोबाइल उंचावून उभे. त्यातल्या एकाचा मोबाइल मी हिसकावला आणि रस्त्यावर फोडला. तो म्हणाला, पोलिसात जाईन. म्हटलं, जा, मीही तिकडेच चालले आहे.

तेव्हापासून सगळे एकच पालुपद लावून बसलेत. वाघ होता. शेवटपर्यंत सोडलं नाही. आपल्या बॅचमधल्या बायकासुद्धा डोळे पुसत तेच म्हणाल्या, "संभासरांची पकड!" मी दात आवळून ऐकत होते. कारण तुझी-माझी सगळी भांडणं ज्या एका गोष्टीवरून झाली ती हीच होती रे. सोडायचं कधी.

आपली पहिली भेटही भांडणानेच झाली. कर्वेनगरच्या त्या काचेच्या जिममध्ये आपण दोघंही नोकरीला. मी बुधवार पेठेतली, रेडिओचे पार्ट विकणाऱ्याची मुलगी, शाळेतली पी.टी. सोडून वजन उचलायला आलेली. तू वारज्याच्या तालमीत वाढलेला. पहिल्याच दिवशी मी बार उचलताना तू समोर येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "बाई, पाठ चांगली हाय तुमची, पण हात बायकी हायत." मी बार तिथेच टाकला, तुझ्या बुटापासून वीतभर अंतरावर. तू उडी मारायला हवी होतीस. नाही मारलीस. खाली बघून म्हणालास, "लोखंड टाकायचं नसतंय. ठेवायचं आसतंय." इतका राग आला होता मला की दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तुझ्या वेळेला आले आणि बार ठेवून दाखवला, सावकाश, आवाज न करता. तेव्हा कळलं की ठेवणं उचलण्याहून अवघड असतं. मांड्या थरथरत होत्या. तू हसला नाहीस. "आजपास्नं मी तुमच्याकडं उचलायला शिकणार, तुमी माझ्याकडं ठेवायला," म्हणालास. मला "बाई" म्हणणं मात्र शेवटपर्यंत सोडलं नाहीस, आणि तुमी-बिमी दोन आठवड्यांत गळून पडलं.

मालकाला प्रत्येकाच्या हातात एकच छापील तक्ता द्यायचा होता. कोवळ्या पोराला तोच आणि गुडघे धरून जिना चढणाऱ्या काकूंनाही तोच. त्या काकू एकदा बारखाली वाकल्या आणि तशाच राहिल्या. त्यावरून तू मालकाच्या केबिनमध्ये गेलास आणि त्याच्या टेबलावर लोखंडाची मोठी प्लेट ठेवलीस. आपटली नाहीस, ठेवलीस, असं तू नंतर सगळ्यांना शपथेवर सांगायचास. काच तरी तडकलीच. त्याच संध्याकाळी आपण दोघंही रस्त्यावर होतो, आणि मी तुला शिव्या घालत होते, की तुझ्या डोक्यामुळे माझी नोकरी का गेली म्हणून.

"आगं बाई, ती काकू परत जिमला येनार न्हाई," तू म्हणालास. "मंग आपन तिच्याकडं जाऊ. तिच्यासारख्या लई आसतील."

तिथून आपला धंदा सुरू झाला. घरी जाऊन ट्रेनिंग. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये लोखंड नेलं आणि दुसऱ्या दिवशी खालचे गृहस्थ बंडीवर वर आले. सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली, "वरील मजल्यावर लोहारकाम सुरू झाल्याबद्दल अभिनंदन. वेळा कळवाव्यात, म्हणजे आम्ही घर सोडून जाऊ." मला हसू आवरेना. तू मात्र फळ्यासमोर बराच वेळ उभा राहिलास आणि म्हणालास, "हेच आपलं भांडवल."

खरोखर ते भांडवल झालं. तू ठरवलंस की आपल्या माणसाच्या हातून कधीच काही आपटणार नाही. उचलायचं कसंही, ठेवायचं मात्र मनात अंक मोजत, इतकं हळू की खालच्या मजल्यावर चहाचा कप हलता कामा नये. हलकं वजनही मग जड लागतं, आणि चाळिशी-पन्नाशीतल्या सांध्यांना तेच मानवतं, हे मी तुला पुस्तकी भाषेत समजावलं. तू म्हणालास, "मंग आता हे काकूंच्या भाषेत सांग." ते मला जमलं नाही, तुला जमलं. वाकून जमिनीवरून वजन उचलायच्या डेडलिफ्टला तू "बादली" म्हणायला लागलास. खाली बसून उठणं म्हणजे "पाट". डोक्यावर वजन नेणं म्हणजे "माळ्यावरचा डबा". काकू फोनवर मैत्रिणीला सांगायच्या, "आज माझा डबा चांगला गेला, पण पाटाला त्रास झाला." कापडी पिशव्यांत वाळू शिवून घेतलीस, पाण्याचे कॅन वापरलेस, जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या वापरल्यास. पण खाली सगळं तेच जुनं, कडक काम होतं, आठवड्याला थोडं थोडं वाढणारं. आणि मग ज्या काकू बारखाली वाकून राहिल्या होत्या त्यांनी एका रविवारी गॅसचा सिलिंडर दारापासून ओट्यापर्यंत स्वतः नेला आणि ठेवला. अख्ख्या जिन्याने बघितलं. पुढच्या महिन्यात त्या एका इमारतीत आपल्याला इतकी कामं मिळाली की तू एका घरातून दुसऱ्या घरात जिन्यानेच पळत होतास.

माझ्या वडिलांसाठीही तू आलास. ते आजारातून उठले होते आणि खुर्चीतून उठत नव्हते. मी शिकवायला गेले की म्हणायचे, "तू मला शिकवू नकोस." तू गेलास, त्यांच्या दुकानात बसलास आणि म्हणालास, "काका, तो वरच्या फळीवरचा स्पीकर दाखवा. न्हाई, तो न्हाई, खालचा. न्हाई, वरचाच बरा." सकाळभर त्यांना उठवलंस-बसवलंस आणि शेवटी काही न घेता निघून आलास. त्यांनी तुला दुकानाच्या पायरीवरून शिव्या दिल्या, उभं राहून. हे मी तुला कधी बोलले नाही, पण त्या दिवशी मी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून रडले होते. थँक्यू म्हणायचं राहिलं. आता म्हणते.

मग आपण हॉल घेतला. पहिला मजला, खाली मुलांची अभ्यासिका. म्हणजे पुन्हा आवाज बंद. आणि तिथेच आपलं वाजायला लागलं. आता खरे बार होते, खरी वजनं होती, आणि मी म्हणत होते की माणसाला आधी टाकायला शिकव. बार अडकला तर अंगावरून कसा ढकलायचा, मागे कसा सोडायचा, हात कसे उघडायचे. जगात सगळीकडे शिकवतात. तू म्हणायचास, "टाकायला शिकवलं की मानूस टाकायलाच बघतंय. हात उघडायची सवय लागली की संपलं." मी म्हणायचे, "आणि हात उघडायची सवयच नसली तर?" तू म्हणायचास, "मंग तो जिकतो."

जोगळेकर काका जिंकत होते त्या दिवशी. बँकेतून रिटायर झालेला सभ्य माणूस. बाकावर उताणे झोपून बार छातीवर घेतला आणि तो वर जाईना. ना त्यांनी तो तिरका केला, ना ओरडले. मी आरशात बघितलं तर माणूस जांभळा पडलाय आणि ओठ घट्ट मिटलेत. तू झेप घेऊन बार उचललास. काका श्वास घेत घेत म्हणाले, "खाली मुलं अभ्यास करतायत ना, म्हणून हाक नाही मारली."

माझं डोकंच फिरलं. मी तोच बार उचलला, वर नेला आणि सोडला. सगळ्या बॅचसमोर. फरशी फुटली, खालून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, एक काकू किंचाळल्या. "हे असं!" मी ओरडले. "हे असं टाकायचं! मेलं तरी चालेल पण आवाज नको, हे शिकवतोयस तू यांना!" तू पुढे आलास. तुझ्या मुठी वळलेल्या होत्या आणि माझ्याही. तू माझ्यावर हात उगारला नाहीस, भिंतीवर मारलास. बोटांची सालटी निघाली. "माझ्या हॉलमदी परत लोखंड टाकलंस तर बघ," म्हणालास. मी म्हटलं, "माझ्या! माझ्या म्हणे! अर्धा माझा आहे." मग तू फरशीचे तुकडे वेचायला बसलास, आणि मी तुझ्या बोटांना पट्टी बांधली, आणि बांधता बांधताही आपण भांडतच होतो. तो वाद कधी मिटलाच नाही. रोज संध्याकाळी हॉल झाडताना दोघांपैकी कोणीतरी काडी टाकायचाच.

म्हणून मला त्या फ्लेक्सचा राग, संभा. तुझाही. स्मशानात तुझ्याकडे बघून मी मनात म्हणाले होते, मूर्खा, हात उघडायचा होता, एवढंच करायचं होतं. मी मागून ओरडत होते. तुला ऐकू आलं नसणार असं होणारच नाही, माझा आवाज अभ्यासिकेत जातो. ऐकू येऊन तू सोडलं नाहीस, माझ्यासमोर हरायचं नव्हतं म्हणून, असंच मी धरून चालले होते. तुझ्यावर काढता येईना तो सगळा राग मी त्या गाडीवाल्यावर काढायचा ठरवला.

पत्ता काढणं सोपं होतं. आपण इतकी वर्षं लोकांच्या घरात शिरून काम केलंय. कोणाच्या बेडरूममध्ये खुर्ची कुठे आहे ते आपल्याला माहीत, मग कोणाचा पाहुणा कुठे राहायला आलाय ते कळायला काय लागतं? मी बादल्या-डबे घेता घेता विचारत सुटले. काकू लोकांनी मनापासून मदत केली. इतकी मनापासून, की मी शोधतेय ही बातमी माझ्याआधी त्यालाच पोचली.

काल दुपारी तो स्वतः आला. दोन बॅचच्या मधली वेळ, हॉल रिकामा. मी बाक पुसत होते. दारात पन्नाशीकडे झुकलेला माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. आपल्या क्लायंटमध्ये असे कितीतरी आहेत, त्यामुळे मी सवयीने म्हटलं, "या, बूट बाहेर काढा." त्याने काढले. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला शोधताय असं कळलं."

मी दाराला आतून कडी घातली आणि अण्णांना फोन लावला. "अण्णा, तो आपल्या हॉलवर आलाय."

अण्णा म्हणाले, "धरून ठेवा ताई. आलोच."

त्याने हे ऐकलं. पळाला नाही. मी त्याची कॉलर धरली, दोन्ही हातांनी, आणि त्याला रॅकशेजारच्या भिंतीवर रेटलं. तू मला हात दिलेस संभा, बायकी म्हणून हिणवून हिणवून दिलेस. त्या हातांनी मी त्या माणसाला टाचा उचलेपर्यंत वर नेलं. तो हात खाली सोडून उभा होता. मी म्हटलं, "भाऊ येतोय त्याचा. तोवर तू माझ्याकडे आहेस." 

"मारा," तो म्हणाला. "पण आधी ऐकून घ्या. वकिलाने सांगितलंय, हे कोणाला बोलायचं नाही. मला घरी बसवत नाही. त्यांनी मला सोडलं होतं."

"काय?"

"तुमचाच आवाज होता ना तो? मागून सोड, सोड म्हणालात. त्यांनी लगेच कॉलर सोडली. लगेच. हात बाहेर काढायला लागले आणि तो अडकला. मनगटाला तो तुमचा व्यायामाचा पट्टा होता, त्याची अंगठ्यात अडकवायची वादी माझ्या इंडिकेटरच्या दांड्यात गुंतली. ते म्हणाले, थांबव, हात अडकलाय. दोनदा म्हणाले. शिवी नाही दिली. नीट सांगितलं हो. मला ऐकू आलं. समजलं. मी पाय काढला नाही."

"का?"

"थांबलो तर मारतील असं वाटलं."

हॉस्पिटलातून तुझ्या वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत मिळाल्या तेव्हा त्या पट्ट्याची वादी तुटलेली मी बघितली होती. फरफटल्यामुळे तुटली असणार म्हणून मी पिशवी बंद केली होती. आता त्या माणसाची कॉलर माझ्या हातात होती आणि तिचा पीळ वाढत होता. मी तो वाढवत होते. तू दोनदा नीट सांगितलंस आणि याला समजलं होतं! त्याचा चेहरा लाल झाला, मग काळपट. घशातून घुरघुर यायला लागली. मला ते ऐकायला आवडत होतं, लपवत नाही. आणखी थोडंच करायचं होतं. माझी बोटं वळलेली होती आणि उघडत नव्हती, आणि ती उघडावीत असं मला वाटतही नव्हतं. आणि मग मला त्या खिडकीच्या आतला तुझा हात दिसला, जो मी मागून बघूच शकले नव्हते. उघडलेला. बोटं मोकळी. तुझ्यासारख्या हट्टी माणसाने संतापाच्या भरात, मी नुसती हाक मारल्यावर उघडलेला हात. तू सोडलं होतंस. मग मी कोण लागून गेले धरून ठेवणारी?

मी सोडलं. तो भिंतीवरून घसरत खाली बसला आणि खोकत राहिला. मी एकेक बोट दुसऱ्या हाताने सरळ केलं. खाली जीपचं दार आपटल्याचं ऐकू आलं, मग जिन्यावर अण्णांच्या वहाणा आणि आणखी दोघांचे पाय.

मी कडी काढली आणि दारातच उभी राहिले. अण्णांच्या हातात जॅकची लोखंडी टॉमी होती.

"बाजूला व्हा ताई."

"नाही होणार."

"ताई, तुमीच फोन केला हुता."

"केला होता. आता मीच सांगतेय. अण्णा, संभाने सोडलं होतं त्याला."

"कोन म्हनतं?"

"हा म्हणतो."

"जीव वाचवायला खोटं बोलत आसंल भडवा."

"खोटं बोलायचं तर स्वतःच्या फायद्याचं बोलेल ना? हात अडकलाय हे कळलं होतं तरी थांबलो नाही, असं कोणी खोटं सांगतं का? फासावर चढवणारं खोटं?"

अण्णांनी मला खांद्याने रेटलं. मी हलले नाही. तुझे चुलतभाऊ मागून म्हणाले, अण्णा, बाईला उचला. मी म्हटलं, या, उचलून बघा. कोणी पुढे आलं नाही. अण्णा मला दोन्ही हातांनी ढकलत होते, टॉमी माझ्या बरगडीत रुतत होती, आणि मी त्यांच्या कानाशी तेच तेच सांगत होते, तुझं वाक्य, शब्दाला शब्द. थांबव, हात अडकलाय. थांबव, हात अडकलाय. शेवटी त्यांचा जोर ओसरला. "आसं म्हनला तो?" त्यांनी विचारलं. "शिवी न्हाई दिली?"

"नाही दिली."

"आसंच बोलायचा तो," अण्णा म्हणाले. "ल्हानपनी झाडावर अडकला तरी आसंच सांगायचा. अण्णा, पाय अडकलाय." आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ते इतक्या मोठ्याने रडले, की खालच्या अभ्यासिकेतली मुलं जिन्यात येऊन उभी राहिली. त्यांना कोणी हटकलं नाही.

त्या माणसाला अण्णांच्याच जीपमधून चौकीवर नेलं. तो मागे मधे, दोन्ही बाजूंना तुझे चुलतभाऊ, पुढे मी. सगळं त्याने पुन्हा सांगितलं आणि जबाब लिहून घेतला गेला. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मला त्याची दया आलेली नाही, येणारही नाही. जे लागेल ते त्याने भोगावं. पण तुझ्या नावाने कोणी त्याचं डोकं फोडलं नाही, एवढं तुला कळावं म्हणून लिहितेय.

बरगडीवर काळंनिळं झालंय, श्वास घेतला की दुखतं. आज सकाळची बॅच मी घेतली. जोगळेकर काका पहिले आले. मी त्यांना बार टाकायला शिकवलं. तीन वेळा ते अर्ध्यातून थांबले, म्हणाले, "हात उघडत नाहीत हो." चौथ्यांदा उघडले. तुला हे आवडलं नसतं, तू माझ्या अंगावर आला असतास, आणि देवाशप्पथ सांगते, तू ये. ये आणि भांड. वाद मी जिंकले, पण असा नव्हता जिंकायचा मला. जन्मभर तू मला हट्टाने हरवत राहिला असतास, एक शब्द ऐकला नसतास, चाललं असतं. इतक्या वर्षांत एकदाच तू माझं ऐकलंस, संभा. तेही लगेच.